मिगच्या नाकावरची नळी

बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत सगळी हयात मागावर घालवलेल्या जयाबाईला विमानाशी काय देणंघेणं? सांबऱ्याच्या हवाई तळावर उतरणारी विमानं घराच्या पत्र्यावरून जायची तेव्हा ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही. तेवढ्यात धागा तुटला तर जोडणार कोण? पण गेल्या दिवाळीपासून याच बाईनं शेगडी बाजूला सारून स्वयंपाकाच्या ओट्यावर हातभर लांबीचं प्लास्टिकचं मिग विमान मांडलं होतं, आणि दुपारभर ती त्याच्यावर पॉलिश पेपर घासत बसायची. शेजारणी येऊन तोंडाला पदर लावून हसून गेल्या. हसू देत बापड्या. भीमअण्णाला त्याही ओळखत होत्या, पण त्याचं काय देणं लागतं ते एकट्या जयाबाईला ठाऊक होतं.

भीमअण्णा म्हणजे भीमरत्न, मूळचा निपाणीचा. हवाई दलात मिग-२१ विमानांची देखभाल करणारा फिटर. उमेदीची सगळी वर्षं त्यानं उत्तरेतल्या तळांवर काढली आणि मग सांबऱ्याला नव्या पोरांना शिकवायला म्हणून बदलून आला. खोली शोधत वडगावात हिंडायचा. गणवेश बघून लोक या-बसा करायचे, पाणी द्यायचे, आणि नाव-गाव विचारून झालं की खोली एकाएकी कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. एका गल्लीत भाचे तरी किती असावेत माणसाला? जयाबाईच्या नवऱ्यानं, भरमानं, त्याला एवढंच विचारलं की मागाच्या खडखडाटात झोप लागंल काय. भीमअण्णा म्हणाला, मी इंजिनाशेजारी झोपलेला माणूस, मला शांततेतच झोप येत नाही. त्याच दिवशी त्याची ट्रंक पुढच्या खोलीत आली.

पुढं भरमा छातीच्या दुखण्यानं गेला. पोरगी रचना तेव्हा सातवीत. बाराव्याला भावकी जमली आणि सगळ्यांनी मिळून शहाणपण सांगितलं: माग तू चालव, पोरीला शाळेतनं काढ, कांड्या भरायला बसव. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी होडीत, घालायची सुताची बारकी नळी. ती भरून देणारं कुणी नसलं तर विणणारीचा निम्मा दिवस त्यातच जातो. जयाबाईला दुसरं काही सुचत नव्हतं, तिनं मान डोलावली होती. पुढच्या खोलीत भीमअण्णा सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवरून आला, हातपाय धुतले आणि चरख्यापुढं मांडी घालून म्हणाला, "जयाक्का, कसं फिरवायचं तेवढं दावा."

त्या दिवसापासून रचनाची बारावी होईपर्यंत रोज संध्याकाळी त्यानं कांड्या भरल्या. बायका-पोरांचं काम ते. गल्लीतले टवाळ खिडकीत येऊन म्हणायचे, बघा रं, इमानवाला कांड्या भरालाय. तो हसायचा आणि दुसरी कांडी लावायचा. मध्येच रचनाला गणित सांगायचा. ती पोरगी आज इंजिनीअर आहे, बेळगावाबाहेरच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासते. आणि या सगळ्याबद्दल जयाबाईनं त्याचे कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडं तशी पद्धतच कुठं आहे? घरच्या माणसाला आभारी आहे म्हटलं की तो परका झाल्यागत वाटतो. म्हणून ती गप्प राहिली. तो निवृत्त होऊन पुतणीकडं, सोनमकडं, निपाणीला राहायला गेला तेव्हाही तिनं डब्यात चिवडा दिला आणि गप्प राहिली. ते न बोललेलं तसंच राहून गेलं होतं.

काचबिंदूनं भीमअण्णाची नजर गेली ती त्यानंतर. तेही त्यानं सोसलं. पण सप्टेंबरात बातम्यांत सांगितलं की देशातलं शेवटचं मिग-२१सुद्धा आता सेवेतून गेलं, आणि तेव्हापासून त्याचं बोलणं तुटलं. सोनमनं फोनवर जयाबाईला सगळं सांगितलं. काका अर्धं ताट ठेवून उठतात. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतात. म्हणतात, डोळे गेले तर गेले, डोक्यात इमान होतं. आता तेबी पुसाय लागलंय. नाक आठवतंय तर शेपूट येत न्हाय.

जयाबाईनं फोन ठेवला आणि त्या दिवशी तिच्यानं विणवलं नाही.

रचनानंच मग पुढच्या खोलीच्या माळ्यावरून तो खोका काढला. भीमअण्णानं फार पूर्वी बेंगळूरहून हौसेनं आणलेलं मिगचं किट. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायचं. भाडेकरू असताना त्यानं ते जोडायला घेतलं होतं. विमानाचं धड जोडून झालं, त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि तसंच खोक्यात टाकलं. हे इमान न्हवं, वांगं हाय, म्हणाला होता. आणि बोलणं खोटं नव्हतं. नाक फुगलेलं, पाठ चपटी, अंगभर गोवर उठल्यागत रिवेटं, चाकं जायच्या जागी नुसता खळगा. ज्या कुणी ते साच्यात ओतलं त्यानं खरं मिग लांबून, बहुतेक धुक्यातून बघितलं असावं.

जयाबाईनं निपाणीला फोन लावला आणि सांगून टाकलं, मी तुमचं मिग दुरुस्त करणार. पलीकडून भीमअण्णा म्हणाला, फेकून दे ते वांगं. जयाबाई म्हणाली, फेकायला तुम्हाला विचारलंच नाही, नाक किती जाड असतं तेवढं सांगा.

तो सांगायला लागला. पहिल्या दिवशी चार शब्द, दुसऱ्या दिवशी दहा. सोनम म्हणायची, फोनची वेळ झाली की काका आधीच उठून बसतात. पण एक दिवस त्यानं स्वतःहून बजावलं. म्हणाला, "तू घेऊन ये, मी हात लावून बघतो. पण जयाक्का, खोटं वाटलं तर तुला बरं वाटावं म्हणून खरं म्हणायला मला यायचं न्हाय. आणि खोटं निघालं, तर माझ्याकडं उरलंय तेबी जाईल."

हे ऐकल्यावर जयाबाईला आपण काय अंगावर घेतलंय ते कळलं. बाईनं उत्साहात हात घातला होता, आणि आता माणसाचं शेवटचं गाठोडं तिच्या ओट्यावर येऊन पडलं होतं. पण मागं सरायचं तिच्या अंगात नव्हतं.

विकत आणण्यासारखं त्यातलं काही मिळतही नव्हतं. रचनानं चौकशी केली, परदेशातून मागवता येईल म्हणाली, कधी पोचेल ते सांगता येत नाही. जयाबाईनं मागाखालची पेटी उघडली. नक्षीच्या साड्यांना लागणारी भोकाभोकांची प्लास्टिकची कार्डं तिच्याकडं ढीगभर पडून होती. ती कातरून, थरावर थर चिकटवून तिनं चपट्या पाठीला उंची आणली, वरून गॅरेजवाल्याकडची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरली आणि घासून गोल केली. मागाच्या मोडक्या फणीतली पोलादी पाती कापून पंखांवरच्या उभ्या पट्ट्या झाल्या. चाकं पोटात गेल्यावर अंगाला जो फुगवटा येतो, त्याला आईस्क्रीमचे दोन चमचे. शेपटाच्या बुडाशी पॅराशूट ठेवायची नळी असते, तिथं पेनाचं टोपण. रोज संध्याकाळी तिनं दिवे लावायच्या आधी डोळे मिटायचे आणि सगळ्या विमानावरून बोटं फिरवायची. बघणार नव्हता ना तो, हातच लावणार होता. कापडाची गाठ जिला अंधारात सापडते तिला लांबीचा उंचवटा का सापडणार नाही? सापडला की पुन्हा पॉलिश पेपर.

नाकापाशी मात्र ती थांबली. मिगच्या नाकात हवा घ्यायचं भोक असतं आणि त्यातून एक टोकदार शंकू बाहेर आलेला असतो. किटमधला शंकू बोथट, वाटीसारखा. तिनं लाकडाचा करून पाहिला, मेणाचा करून पाहिला, एकही टिकेना. शेवटी नजर गेली ती देवळीत ठेवलेल्या भरमाच्या धोट्यावर. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं असतात, घासून घासून आरशागत झालेली. भरमाच्या हातानं हजारदा इकडून तिकडं गेलेला तो धोटा तिनं इतकी वर्षं कुणाला शिवू दिला नव्हता. रचना म्हणाली, आई, नको, माझ्या कारखान्यात करून घेते. जयाबाई म्हणाली, ज्यानं खोली दिली त्याचंच टोक लागू दे. आणि करवत घेतली. टोपण नाकात असं बसलं की जणू त्याच्यासाठीच घडवलं होतं. तेव्हा मात्र ती पदर डोळ्याला लावून थोडी रडली, आणि मग उठून भाकऱ्या केल्या.

राहिली होती नाकावरची नळी. विमान किती वेगानं चाललंय ते हवेवरून मोजणारी, भाल्यासारखी पुढं आलेली बारीक नळी. भीमअण्णाच्या बोलण्यात ती सारखी यायची. सकाळचं पहिलं काम म्हणजे तिच्यावरची लाल कापडी टोपी काढायची आणि संध्याकाळचं शेवटचं काम ती परत घालायची. आत धूळ नाहीतर गांधीलमाशी शिरली तर आकाशात पायलटचा घात. तर ही नळी किटमध्ये हनुवटीखाली होती. भीमअण्णा म्हणाला, आमच्या मिगची वर होती, आणि मध्यावर नव्हती, डाव्या अंगाला होती.

रचनानं फोटो काढून बघितले. फोटोत ती उजवीकडं होती. पायलटच्या उजव्या हाताला. तिनं फोनवर हळूच विचारलं की काका, डावी म्हणजे कुठनं बघून, तर तिकडून आवाज चढला. डावी म्हणजे डावी, माझ्या हाताखालनं गेलंय ते सगळं, आता तुम्ही मला शिकवणार व्हय? फोन ठेवल्यावर रचना म्हणाली, काका विसरले गं. जयाबाईला ते बोलणं सहन झालं नाही. म्हणाली, विमान त्यांचं आहे, ते डावी म्हणाले तर डावी. फोटोतल्या विमानाला हात लावून ते बघणार नाहीत.

निपाणीला जायच्या दिवशी सकाळी, रचना अंघोळीला गेलेली असताना, जयाबाईनं इंजेक्शनच्या दोन सुया एकात एक बसवून केलेली नळी नाकावर चिकटवली. घाई होती, बस गाठायची होती. वाळल्यावर सगळं विमान जुन्या लाल काठाच्या साडीत गुंडाळलं आणि बसमध्ये रचनाशेजारी मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं कानडीत विचारलं, काय आहे हे. विमान, म्हणाली. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गाठोड्याकडं, आणि मुकाट्यानं तिकीट फाडलं. वाटेतलं संकेश्वर गेलं तरी ती गाठोड्यावरचे दोन्ही हात काढायला तयार नव्हती.

सोनमच्या घरी भीमअण्णा धुवट सदरा घालून खुर्चीत बसला होता. किती वाळला होता तो! जयाबाईनं गाठोडं सोडलं आणि विमान त्याच्या मांडीवर ठेवलं, शेपूट त्याच्या पोटाकडं, नाक पुढं.

त्यानं शेपटापासून सुरुवात केली. पॅराशूटची नळी लागली तेव्हा हं म्हणाला. पोटाखालची पाती, पंख, पंखांवरच्या पट्ट्या. फुगवट्यांवर हात थांबला, परत मागं गेला, परत आला. हळूहळू त्याचा चेहरा सैलावत गेला, आणि तो पुटपुटायला लागला, इथं झाकण, इथं तेल घालायचं, इथं माझं डोकं आपटलं होतं. नाकातला शंकू लागला तेव्हा त्यानं विचारलं, हे थंड कसं? जयाबाईनं भरमाच्या धोट्याचं सांगितलं. त्याचा अंगठा बराच वेळ त्या लोखंडावर फिरत राहिला.

मग बोटं नळीवर गेली आणि तिथंच थिजली.

"जयाक्का," तो म्हणाला, "नळी उजवीकडं हाय. मी डावी सांगितलतो."

जयाबाईनं वाकून बघितलं. खरंच उजवीकडं होती. स्वतःच्या हातानं तिनं ती उजवीकडं बसवली होती आणि वाटेत एकदाही तिला ते उमगलं नव्हतं. ती घाईघाईनं म्हणाली, आत्ता काढते, डावीकडं लावते, फेविक्विक पिशवीत आहे. त्यावर रचनाला राहवलं नाही. ती म्हणाली, "काका, राहू दे. फोटोत उजवीकडंच हाय."

सोनमनं काकाकडं बघितलं. भीमअण्णाचे दोन्ही हात विमानावरून उचलले गेले होते. "म्हणजे माझ्याकडनंच गेलं," तो म्हणाला. "एवढी एक गोष्ट पक्की धरून बसलोतो. तीच खोटी निघाली."

एवढं करून हे झालं. जयाबाईला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं, डावीकडं असती तर तो खोट्यावर सुखानं राहिला असता. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलत सुटली. अण्णा, तुमची चूक नाही, माझ्या हाताची खोड आहे. मागावर साडीची सुलटी बाजू खाली असते, जमिनीकडं. आम्ही बसतो ते उलट्या बाजूला. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चित्रात डावीकडं असेल ते मागावर उजवीकडं घालायचं. तुम्ही डावी म्हणालात, आणि सकाळच्या घाईत हात आपला सवयीनं उजवीकडं गेला. मी फोटो बघून नाही केलं. जन्मभर उलट्या बाजूला बसलेली बाई मी, मला काय कळतंय विमानातलं.

भीमअण्णा ऐकत होता. मग त्याची मान हळूच वर आली.

"उलट्या बाजूला," तो म्हणाला. आणि खुर्चीचा हात धरून उठून उभा राहिला. "रचना, उचल गं ते. माझ्या तोंडापुढं धर. नाक माझ्याकडं फिरवून."

रचनानं विमान उचललं आणि त्याच्या समोर उभी राहिली, नाक त्याच्याकडं. तो पाय किंचित फाकवून उभा राहिला, सदरा खाली ओढून नीट केला. आणि मग त्याचा डावा हात उठला. चाचपडला नाही, शोधत फिरला नाही. सरळ वर गेला आणि त्या बारीक नळीवर जाऊन थांबला.

"हितं," भीमअण्णा म्हणाला. "हितंच. रोज सकाळी समोर उभं राहून टोपी काढायचो. डाव्या हातानं. आत बसणारा तो पायलट. मी कधी आत बसलो न्हाय, जयाक्का. मी समोर असायचो." त्यानं नळी चिमटीत धरली. "गेलं न्हाय गं. सगळं हाय."

सोनमनं तोंड फिरवून घेतलं. रचनानं विमान खाली केलं नाही. त्यानं चूक सांगितली, जयाबाईनं चूक केली, आणि दोघांच्या दोन चुका मिळून नळी जिथं पाहिजे तिथं बसली. फोटो बघून शहाणपणानं केली असती तर हे कुणालाच कळलं नसतं, आणि काका विसरले असंच घरभर झालं असतं.

इतक्या वर्षांचं राहून गेलेलं तेव्हा तोंडावर आलं. जयाबाई म्हणाली, "अण्णा, तुम्ही कांड्या भरला म्हणून माझी पोरगी शिकली. मी कधी बोलली न्हाय. आज बोलते. लई उपकार झाले तुमचे."

भीमअण्णाचा हात अजून नळीवरच होता. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "गणवेश घालून गल्लीभर फिरलोतो मी. तुझ्या नवऱ्यानं मला झोप लागंल काय, विचारलं. तेवढंच विचारलं. कांड्यांचं काय घेऊन बसलीस."

दोघंही मग बसली. सोनमनं चहा आणला, तो त्यानं पुरा घेतला, आणि वर आणखी काय खायला आहे म्हणून विचारलं. सोनम आत जाता जाता दारातच थांबली आणि जयाबाईकडं बघून हसली. कितीतरी दिवसांनी माणसानं स्वतः मागून घेतलं होतं.

दिवे लागायची वेळ झाली तसा भीमअण्णा चुळबुळायला लागला. म्हणाला, लाल कापड आहे का कुणाकडं? जयाबाईच्या लक्षात आलं. जिच्यात विमान बांधून आणलं होतं त्या साडीचा लाल काठ तिनं टरकन फाडला. तिच्याच मागावर विणलेली साडी होती ती. सोनमकडून सुईदोरा घेऊन तिनं तिथंच बोटभर लांबीची पिशवी शिवली, सुलटी बाजू बाहेर येईल अशी, आणि त्याच्या हातात दिली.

विमान टेबलावर ठेवलं होतं. तो नाकासमोर जाऊन उभा राहिला. उजव्या हातानं नाकाला आधार दिला, आणि डाव्या हातानं ती लाल टोपी नळीवर चढवली. एकदा ओढून बघितली, घट्ट बसली का.

"झालं," तो म्हणाला. मग सोनमकडं तोंड वळवून म्हणाला, "उद्या मला लवकर उठीव. टोपी काढायची हाय."